लेकुरवाळ्या घरचा कुत्रा

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्याने दक्षिणेस निघाले, की वीस-पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. भोवती भाताची खाचरे आणि नारळाच्या बागा, जवळून वाहणारे कावेरीच्या कालव्याचे पाणी, आणि वर्षातील बहुतेक महिने अंगाला चिकटणारी दमट हवा. या तमीळ गावाचे नाव मराठी श्रोत्यांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. तथापि मराठी माणसाशी त्याचा ऋणानुबंध जुना आहे. तंजावरचे भोसलेकुलीन राजे दुसरे सरफोजी यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली. त्यांनी आपल्या प्रिय सहचरीच्या, म्हणजे मुक्तांबाळच्या, स्मरणार्थ येथे एक मोठे अन्नछत्र बांधले. रामेश्वराच्या वाटेने जाणाऱ्या वाटसरूस तेथे अन्न आणि आसरा मिळत असे. सरफोजी राजे विद्याव्यासंगी होते, आणि त्या व्यासंगात पशुपक्ष्यांनाही स्थान होते. तंजावरच्या सरस्वती महालात अश्वशास्त्रावरचे व गजशास्त्रावरचे ग्रंथ जतन झाले, ते पुढे छापूनही निघाले. याच ओरत्तनाडूत २०१२ साली तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने एक महाविद्यालय उघडले. जुन्या अन्नछत्राच्या गावात आज जनावरांच्या दुखण्याखुपण्याचे शिक्षण दिले जाते.

अशा या गावातील एक घर श्रोत्यांनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घरात मराठी आणि दारात तमीळ बोलणारे कुटुंब. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. मुलाने कुत्र्यासाठी हट्ट धरला आहे. आई म्हणते, घरभर केस होतील, आणि पावसाळी हवेत आधीच याची छाती घरघरते. आजी म्हणते, चावला तर काय करायचे? वडिलांनी शहरातल्या एका दुकानात कुरळ्या केसांचे एक चिमुकले पिल्लू पाहिले आहे. त्याचे केस गळत नाहीत, त्याचे कोणाला वावडे होत नाही आणि ते मुलांवर जीव टाकते, असे विक्रेत्याने सांगितले आहे. किंमत अर्थातच भारी आहे. हे घर काल्पनिक असले, तरी हा प्रसंग आज मुंबईच्या सदनिकेत, नागपूरच्या बंगल्यात आणि तंजावरच्या खेड्यात सारखाच घडतो. आई, आजी आणि वडील यांनी तीन वेगवेगळे प्रश्न काढले आहेत, आणि विक्रेत्याने त्या तिन्हींना मिळून एकच उत्तर दिले आहे. ते उत्तर कितपत खरे आहे, हे पिल्लू घरात येण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

प्रथम केसांचा विचार करू. ज्याचा एकही केस गळत नाही असा केसाळ प्राणी निसर्गात नाही. प्रत्येक केस काही काळ वाढतो, काही काळ स्वस्थ राहतो, आणि मग गळून नव्याला जागा देतो. भेद असतो तो या अवस्थांच्या लांबीत. पूडल जातीच्या कुत्र्याचा केस माणसाच्या डोक्यावरील केसाप्रमाणे दीर्घकाळ वाढत राहतो, म्हणून जमिनीवर तो थोडा दिसतो. गळलेला केससुद्धा त्याच्या कुरळ्या जटेतच अडकून बसतो. या सोयीची किंमत निराळ्या रीतीने द्यावी लागते. रोज विंचरावे लागते आणि महिना-दोन महिन्यांनी केस कापून घ्यावे लागतात. हयगय झाली, की केसांचा नमदा होतो आणि त्याच्याखाली कातडी ओली राहून चिघळते. ल्हासा अप्सो, शिह त्झू, माल्टीज या लांब केसांच्या जातींचेही असेच आहे. ओरत्तनाडूसारख्या ठिकाणी, जेथे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो आणि वाळत घातलेले कपडेही लवकर सुकत नाहीत, तेथे असा कुत्रा बाळगणे म्हणजे रोजचे अर्धा तासाचे काम अंगावर घेणे होय. त्या केसांत शिरलेली गोचीड शोधणे हे आणखी वेगळे काम.

याउलट काही जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ केस आणि खाली दाट मऊ लव. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर आणि आपल्याकडे सर्रास पॉमेरियन या नावाने ओळखला जाणारा शुभ्र, झुपकेदार शेपटीचा छोटा कुत्रा हे या वर्गातले. थंड देशांत दिवसमान बदलले, की ऋतूच्या संधीला ही लव झडते. उष्ण प्रदेशात आणि दिव्यांच्या उजेडात वाढणाऱ्या कुत्र्याची ती वर्षभर थोडी थोडी झडतच राहते. ज्या घरात केसांचे भय आहे, त्या घराने या वर्गापासून दूर राहावे हेच बरे.

तिसरा वर्ग आखूड केसांच्या, एकेरी थराच्या कुत्र्यांचा. त्यांचेही केस गळतात. पण ते थोडे आणि तोकडे असतात, त्यांचे गुंते होत नाहीत, आणि ओल्या फडक्याने ते सहज पुसून निघतात. दक्षिण भारतातील आणि दख्खनमधील बहुतेक देशी कुत्री याच वर्गात येतात. हा योगायोग नव्हे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांपुरता येतो तेवढाच. अंगातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गातील ओलावा उडवून बाहेर टाकतो. हवाच दमट असली, की तो ओलावा लवकर उडत नाही. अशा हवेत ज्याच्या अंगावर जाड लव आहे त्याचे हाल होतात, आणि ज्याचे नाकाड चपटे आहे त्याचे त्याहून अधिक होतात, कारण धापा टाकण्याचा मार्गच आखूड व अरुंद असतो. पग आणि शिह त्झू यांसारखी चपट्या तोंडाची कुत्री उन्हाळ्याच्या दुपारी घुसमटतात ती याच कारणाने. शेकडो पिढ्या या उन्हात जगलेल्या देशी कुत्र्याने आखूड केस, सडपातळ अंग आणि लांब नाकाड धारण केले, ते केवळ शोभेसाठी नव्हे.

आता दुसरा प्रश्न मुलाच्या छातीचा आहे, आणि तो केसांच्या प्रश्नाहून फार वेगळा आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक घरांची फसगत होते. कुत्र्याचे वावडे असणाऱ्या माणसाला केसांचा त्रास होत नसतो. त्याला त्रास देतात ती कुत्र्याच्या लाळेतील, कातडीच्या कोंड्यातील आणि मूत्रातील काही प्रथिने. त्यांतील प्रमुख प्रथिनाला शास्त्रज्ञांनी ‘कॅन एफ १’ असे नाव दिले आहे. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, कोंड्याबरोबर तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतात आणि गादी, पडदे, कपडे यांना चिकटून राहतात. कुत्रा घरातून गेल्यावरही हे कण कित्येक महिने घरात सापडतात. केस हे फार तर या कणांचे वाहन म्हणता येईल. वाहने कमी झाली म्हणून माल कमी झाला असे होत नाही.

याविषयी एक बोधप्रद हकिगत आहे. १९८० ते १९९० या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेकडे हवाई बेटांतील एका अंध स्त्रीची मागणी आली. तिला वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांचे वावडे होते. संस्थेतील वॉली कॉनरॉन यांनी पुष्कळ पूडल पारखून पाहिले. त्यांतील एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी त्यांनी लॅब्रेडॉर व पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. तिघांचे केस व लाळ त्या पतीकडे तपासणीसाठी पाठविण्यात आली, तेव्हा तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्याला त्रास झाला नाही. आई तीच, बाप तोच, वेत एकच, आणि तरीही दोन पिल्ले त्याला बाधणारी निघाली. पुढे हीच मिश्र अवलाद ‘लॅब्राडूडल’ या नावाने जगभर विकली गेली. वावडे न होणारा कुत्रा म्हणून तिची कीर्ती झाली, आणि आपण हे काय सुरू केले असा पश्चात्ताप खुद्द कॉनरॉन यांनी बोलून दाखविला.

नंतरच्या संशोधनानेही याच हकिगतीला दुजोरा दिला. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी २०११ साली घराघरांतील धूळ तपासून पाहिली. तथाकथित निर्बाध जातींच्या घरांत आणि इतर कुत्र्यांच्या घरांत त्या प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २०१२ साली कुत्र्यांचे केस तपासले, तेव्हा त्या नावाजलेल्या जातींच्या केसांत ते प्रथिन इतरांपेक्षा अधिकच निघाले. तात्पर्य, ज्याचे कोणालाच वावडे होणार नाही अशी जात नाही. एखाद्या विशिष्ट माणसाला न बाधणारा एखादा विशिष्ट कुत्रा मात्र असू शकतो. काही माणसांना तर केवळ नर कुत्र्याच्याच एका प्रथिनाचे वावडे असते. ते पुरःस्थ ग्रंथीतून येते, म्हणून अशा माणसांना कुत्री पाळल्यास त्रास होत नाही.

यावरून आईच्या शंकेला उत्तर मिळते. ज्या मुलाला दमा आहे किंवा ज्याची छाती वारंवार घरघरते, त्याला प्रथम डॉक्टरकडे न्यावे आणि घरात कुत्रा आणण्याचा विचार आहे हे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी. त्यानंतर जे पिल्लू आणायचे, त्याच पिल्लाच्या सहवासात मुलाला वेगवेगळ्या दिवशी तास-दोन तास बसवावे. खेळू द्यावे, अंगावर हात फिरवू द्यावा, आणि रात्री त्याच्या डोळ्यांकडे, नाकाकडे व श्वासाकडे लक्ष ठेवावे. त्रास दिसला, तर तेथेच थांबावे. असे थांबणे मुलाला दुःख देते खरे. पण सहा महिन्यांनी लळा लागलेला कुत्रा घराबाहेर काढण्याचे दुःख त्याहून कितीतरी मोठे असते, आणि त्या वेळी ते एकट्या मुलाचे नसते.

वावडे नाही असे ठरल्यावर मग जातीचा विचार. तामिळनाडू हे देशी कुत्र्यांचे माहेरच आहे. विरुदुनगर जिल्ह्यातील राजपाळयम गावाच्या नावाचा शुभ्र, गुलाबी नाकाचा उंच कुत्रा, त्याच मुलखातील चपळ चिप्पिपारै, तिरुनेलवेलीकडील कन्नी, तेणी जिल्ह्यातील राखणदार कोंबै ही नावे तेथे घरोघर ठाऊक आहेत. मराठी मुलखाजवळचा असाच कुत्रा म्हणजे मुधोळ, ज्याला महाराष्ट्रात कारवानी म्हणतात. मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील मराठा संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या अवलादीची जोपासना केली, आणि तिची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली असे सांगतात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत राजपाळयम आणि मुधोळ ही दोन्ही होती. पुढे कर्नाल येथील राष्ट्रीय पशुआनुवंशिक संस्थेनेही राजपाळयम, चिप्पिपारै आणि मुधोळ यांची रीतसर जात म्हणून नोंद केली.

ही सर्व कुत्री आखूड केसांची, काटक आणि देखणी आहेत. परंतु केवळ केस कमी म्हणून ती लहान मुलांच्या घराला सोयीची ठरतात असे नाही. त्यांतील बहुतेक शिकारी आहेत. सशामागे मैदान पालथे घालण्यासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवड केली. त्यांना रोज मनसोक्त धावायला मोकळी, सुरक्षित जागा लागते. ती न मिळाली, तर कुंपण ओलांडणे, कोंबड्यांच्या मागे लागणे, दोरखंड कुरतडणे हे ओघानेच आले. राजपाळयम व कोंबै परक्या माणसाविषयी विशेष साशंक असतात, आणि ज्या घरात मुलांचे सवंगडी दिवसभर ये-जा करतात तेथे हा गुणच दोष ठरतो. शुभ्र राजपाळयम पिल्लांपैकी काही जन्मतःच बहिरी असतात. असे पिल्लू मुलाची चाहूल न लागल्यामुळे दचकून चावू शकते. म्हणून पिल्लाच्या पाठीमागे हळूच टाळी वाजवून ते वळून पाहते की नाही, हे आधीच पाहावे. शेतावर राहणाऱ्या, वेळ व जागा असलेल्या घराने या जाती अवश्य पाळाव्यात. त्या टिकविणे हेही एक काम आहे. गावातल्या बेताच्या घराने मात्र आणखी जवळ पाहावे.

जवळ म्हणजे आपल्याच आळीत. ज्याला आपण गावठी म्हणून हिणवतो, तो कुत्रा पुष्कळ दृष्टींनी या घराच्या गरजेत बसतो. अंगावर आखूड केसांचा एकच थर, मध्यम उंची, लांब नाकाड, थोडक्यात भागणारी भूक आणि तल्लख बुद्धी. या हवेचे त्याला काही नवल नसते. त्याच्या पिल्लासाठी भारी किंमत मोजावी लागत नाही. मात्र रस्त्यावरचे पिल्लू उचलून थेट मुलाच्या हाती देणे हे सर्वस्वी चुकीचे होय. त्याच्या पोटात जंत असू शकतात, अंगावर पिसवा व गोचीड असू शकतात, आणि डिस्टेंपर किंवा पार्व्होसारखा जीवघेणा रोग अंगात दबा धरून असू शकतो. त्याची पहिली भेट पशुवैद्याशी व्हावी आणि मुलाशी त्यानंतर.

आजीचा प्रश्न अजून उरलाच आहे. कुत्रा मुलांना चावणार नाही कशावरून? येथेही विक्रेता जातीचे नाव सांगतो, आणि येथेही जातीहून महत्त्वाचे असे काही असते. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण केले व १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांत असे दिसले, की तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन माणसाची ओळख करून घेण्यास विशेष खुले असते. या काळात ज्याला माणसाचा प्रेमळ हात लागला नाही, ते पुढे बहुधा भित्रे राहते. आणि चावणाऱ्या कुत्र्यांत निव्वळ दुष्ट असे थोडे असतात. भ्यालेले किंवा दुखावलेले पुष्कळ असतात. म्हणून पिल्लू फार लवकर आईपासून तोडू नये आणि फार उशिराही आणू नये. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास भारतात २०१७ च्या नियमांनी बंदीच आहे. त्याची आई पाहावी. ती माणसाजवळ शांतपणे येत असेल, तर पिल्लांविषयी निम्मी ग्वाही मिळाली. पिल्लांपैकी जे सर्वांना ढकलून अंगावर धावते तेही नको, आणि जे कोपऱ्यात अंग चोरून बसते तेही नको. जे क्षणभर थांबून मग आपण होऊन जवळ येते, उचलले असता थोडी धडपड करून शांत होते, तेच लेकुरवाळ्या घराला योग्य.

घरात तीन वर्षांचे मूल असताना पिल्लाऐवजी स्वभाव माहीत झालेला मोठा कुत्रा आणणे कधी कधी अधिक शहाणपणाचे ठरते. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात, ते सर्वत्र दात लावून पाहते, आणि त्याला वळण लावण्यात पहिले वर्ष जाते. दुसऱ्या घरात मुलांमध्ये वाढलेला व काही कारणाने नवे घर शोधणारा कुत्रा मिळाला, तर त्याच्या स्वभावाचा अंदाज बांधावा लागत नाही. तो समोर दिसतो.

कुत्रा कितीही गरीब असला, तरी लहान मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये, हा नियम कधीही मोडू नये. मुलालाही वळण लावावे लागते. कुत्रा जेवत असता, झोपला असता किंवा कुत्री पिल्लांजवळ असता तिकडे जाऊ नये. गळ्यात मिठी मारू नये, तोंडाजवळ तोंड नेऊ नये, शेपटी व कान ओढू नयेत. कुत्रा एकदम चावत नाही. तो आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करून स्तब्ध होतो आणि शेवटी गुरगुरतो. ही त्याची भाषा आहे. गुरगुरल्याबद्दल जो कुत्र्याला मारतो, तो त्याची धोक्याची घंटाच काढून घेतो. पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता चावतो, आणि मग घर म्हणते की त्याने कारण नसताना दगा दिला.

आजीच्या भीतीच्या मुळाशी मात्र साधी चावाचावी नाही. तिच्या पिढीने पिसाळलेल्या कुत्र्याचे परिणाम ऐकलेले आहेत आणि पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शनेही तिच्या स्मरणात आहेत. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. म्हणजे या लढ्याचा आरंभही एका मुलापासूनच झाला. तामिळनाडूतील कुन्नूर येथे १९०७ साली पाश्चर संस्था स्थापन झाली, आणि १९११ साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनविली. चौदा इंजेक्शने होती ती याच लशीची. भारतात तिचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षे उलटली. आताची लस दंडात किंवा कातडीत, मोजक्या वेळाच घ्यावी लागते. पण रोगाचे स्वरूप बदललेले नाही. एकदा लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसांना होणाऱ्या या रोगाचे शंभरांतील नव्व्याण्णव प्रसंग कुत्र्यामुळे घडतात, आणि संशयित जनावराने चावलेल्यांत दर शंभरांमागे चाळीस जण पंधरा वर्षांखालील मुले असतात.

म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की त्याला पिसाळण्याविरुद्धची लस टोचावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी पुन्हा टोचीत जावे. इतर रोगांच्या लशी त्याआधीच सुरू होतात. जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे, कारण कुत्र्याच्या पोटातील काही कृमी अंगणातल्या मातीतून मुलांच्या अंगात शिरतात. योग्य वयात कुत्र्याचे निर्बीजीकरण करून घ्यावे. आणि मुलाला एक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी. कोणताही कुत्रा, घरचा असो वा दारचा, चावला, त्याचा दात वा नख लागले, किंवा त्याने जखम चाटली, तर ते लगेच घरी सांगायचे, त्याबद्दल कोणी रागावणार नाही. मुले कुत्र्याला मार बसेल किंवा आपल्याला बोलणी बसतील या भीतीने असे ओरखडे लपवतात, आणि त्या लपवण्यात जीव जातो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये, आणि तडक दवाखाना गाठावा. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून हे टाळू नये.

हे सगळे झाल्यावर मग केसांचा निकाल सोपा आहे. आखूड केसांच्या कुत्र्याला अंगणात नेऊन रोज पाच मिनिटे खरखरीत कापडाने किंवा रबरी हातमोज्याने पुसावे. त्याच वेळी कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का तेही पाहावे, कारण तिच्यापासून कुत्र्याला कठीण ताप येतात. आंघोळ घालून तो पूर्ण कोरडा करावा. मुलांच्या अंथरुणाच्या खोलीत त्याला प्रवेश नसावा. केर काढताना केरसुणीने धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. एखाद्या जागी केस पुंजक्याने गळू लागले, कातडी लाल झाली किंवा कुत्रा सतत खाजवू लागला, तर ते गळणे नैसर्गिक नव्हे, रोगाचे चिन्ह होय, आणि त्यावर उपाय पशुवैद्याकडे आहे.

एवढे ऐकल्यावर ओरत्तनाडूच्या त्या घराने काय करावे? दुकानातल्या कुरळ्या पिल्लाचा नाद सोडावा. मुलाची तपासणी करून घ्यावी. ती अनुकूल निघाली, तर आळीतल्या एखाद्या शांत कुत्रीचे आठ-नऊ आठवड्यांचे पिल्लू पाहावे, आणि घरात आणण्यापूर्वी ते गावातल्याच पशुवैद्यांना दाखवावे. आणि एक हिशेब मनाशी करावा. कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. आज सात वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा शिक्षणासाठी परगावी गेलेला असेल. म्हाताऱ्या, अधू झालेल्या कुत्र्याला भाकरी घालणे आणि औषध देणे हे तेव्हा आईवडिलांच्याच वाट्याला येईल. हट्ट मुलाचा असला, तरी कुत्रा आईवडीलच आणत असतात.

हा हिशेब न करता आणलेली किती कुत्री वर्षभरात रस्त्यावर येतात, हे कोणत्याही गावच्या बाजारात गळ्यात जुना पट्टा घेऊन भटकणाऱ्या कुत्र्याकडे पाहिले असता कळते. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत पाळलेले जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. पण ही गोष्ट कायद्याच्या भीतीने होण्यासारखी नाही. मराठी मुलांना नामदेवाची कथा लहानपणीच सांगितली जाते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवाला मुले हसतात, आणि त्या हसण्यातच काही शिकून जातात. ओरत्तनाडूच्या छत्रात आलेला वाटसरू तर एक-दोन दिवसांचा पाहुणा होता. पिल्लू जन्मभरासाठी येते. ज्या घराची तेवढी तयारी आहे, त्याने ते आनंदाने आणावे. ज्याची नाही, त्याने दारातल्या कुत्र्याला रोज पाणी ठेवावे आणि मुलाला ते आपल्या हाताने ठेवू द्यावे. तेवढ्यानेही मुलाच्या इच्छेचा मान राहतो.